गार दिसणारा तवा

धामणखेड गावी नरहर नावाचा एक ओतारी होता. हात सोन्याचा आणि डोकं निखाऱ्याचं, असं गाव त्याच्याबद्दल म्हणायचं. त्याच्या बापजाद्यांनी घंटा ओतल्या, समया ओतल्या. नरहरनं काळ ओळखला आणि विजेच्या शेगड्या करायला घेतल्या.

शेगडी खरोखर देखणी होती. बाजारातल्या शेगड्यांत तारेचं वेटोळं उघडं असायचं. दूध उतू गेलं की तारेवर सांडायचं, तार तुटायची, कधी भांड्यातच वीज उतरायची. नरहरनं तार झाकून टाकली. त्यानं बोटभर जाडीचा लोखंडी तवा ओतला. त्याच्या पोटाला खाचा पाडल्या, खाचांत तार बसवली आणि वीज तव्यात उतरू नये म्हणून वर पांढरी पूड ठासून भरली. वरची बाजू सपाट, काळी, तुकतुकीत. तिच्यावर एकात एक अशी बारीक गोल कडी. ना जाळ, ना धूर, ना लाल तार. तवा जाड, त्यामुळे बटन बंद केल्यावरही बराच वेळ धग धरून राहायचा. नरहर गिऱ्हाइकाला सांगायचा की बटन बंद करा आणि डाळ तव्यावरच विसरा, ती आपली आपण शिजते. बघता बघता त्याची शेगडी निम्म्या गावात पोचली.

मग तक्रारी यायला लागल्या. शिंप्याच्या बायकोनं तव्याला कोपर लावून घेतलं. चहावाल्याची बोटं भाजली. कुणाच्या सुनेनं तवा निवला समजून त्यावर प्लॅस्टिकचा डबा ठेवला, तो वितळून ओट्यावर पसरला. नरहर प्रत्येकावर तोंड टाकायचा. स्वयंपाकघरात डोळे उघडे ठेवून वावरावं एवढंही कळत नाही का, चुलीत हात घालता का, मग शेगडीला लावायचाच कशाला, असं विचारायचा. समोरचा मान खाली घालून निघून जायचा. भाजलेला माणूस आधीच शरमलेला असतो. आपलंच काहीतरी चुकलं असेल, असं त्याला वाटत असतं. नरहरला त्याचा आयताच फायदा व्हायचा.

गावात बाळंतिणींचा एक छोटा दवाखाना होता. तिथं पाणी उकळायला आणि दूध तापवायला अनसाबाई होती. बावीस वर्षं ती हेच काम करत होती. आधी चुलीवर केलं, मग कोळशावर, मग रॉकेलच्या स्टोव्हवर, आणि आता नरहरच्या शेगडीवर. बावीस वर्षांत एकाही बाळंतिणीचं पाणी उशिरा गेलं नव्हतं आणि तिच्या हाताला एक फोड आला नव्हता.

एका दुपारी दूध उतू गेलं. अनसाबाईनं पातेलं उतरवलं, शेगडीचं बटन बंद केलं, आणि ती खोल्याखोल्यांतून दूध वाटून आली. मग तव्यावर करपलेली साय काढायला तिनं कोरडं फडकं घेतलं. जोर लावून घासताना फडकं सरकलं आणि उजवा तळहात सबंध तव्यावर टेकला. कातडं तव्यालाच चिकटून राहिलं.

दवाखान्याचा कारभार श्रीपतराव पाहायचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी पंचांना बोलावलं, डॉक्टरीणबाईंना बोलावलं आणि नरहरलाही बोलावलं. नरहर आला तोच फणफणत. आपल्या शेगडीची चौकशी होते याचाच त्याला संताप आला होता. अनसाबाई भिंतीशी उभी होती. हाताला कोपरापर्यंत पट्टी होती. नरहरनं तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. बटन बंद न करता पुसायला गेली असेल, असं त्यानं पंचांना सांगून टाकलं.

"बटन बंदच होतं," अनसाबाई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात धार होती. "लाकूड पेटलं तर दिसतं. कोळसा लाल होतो. स्टोव्ह आवाज करतो. तुमचा तवा तापला काय नि निवला काय, तोंड एकच. आम्ही ओळखायचं कसं, ते सांगा."

हा प्रश्न नरहरला आजवर कुणी विचारला नव्हता. म्हणून तो आणखी भडकला. नाचता येईना अंगण वाकडं, असं तो सगळ्यांसमोर बोलला. मग म्हणाला की शहाण्या माणसाला ही शेगडी कशी वापरता येते ते आत्ताच दाखवतो.

त्यानं शेगडी मधल्या मेजावर मांडली. पातेलंभर पाणी उकळून दाखवलं, पातेलं उतरवलं, बटन बंद केलं. आणि बोलायला लागला. लोकांचा निष्काळजीपणा, लोकांचा आळस, चांगल्या वस्तूची किंमत नसलेलं हे गाव. बोलता बोलता त्याचा चेहरा लाल झाला. त्याचं लक्ष तव्यावर राहिलं नाही, ते अनसाबाईवर होतं. तिच्याकडे बोट दाखवायला तो वळला आणि तोल सावरण्यासाठी त्यानं मेजाकडे हात टाकला. हात मेजावर पडला नाही. तव्यावर पडला.

डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण नरहर ओरडला नाही. त्यानं दात आवळले, मूठ मिटली, मूठ सदऱ्याच्या खिशात घातली आणि वाक्य पुरं केलं. पंच त्या वेळी श्रीपतरावांशी काहीतरी बोलत होते. डॉक्टरीणबाईंना आतून हाक आली म्हणून त्या उठल्या होत्या.

श्रीपतरावांनी निकाल दिला. शेगडीत दोष नाही. अनसाबाईचं वय झालं, तिचं लक्ष राहत नाही, तेव्हा तिनं उद्यापासून घरी बसावं. अनसाबाईनं पदर सावरला. बाहेर पडताना ती नरहरपाशी क्षणभर थांबली. काहीतरी ऐकायची वाट पाहावी तशी थांबली. नरहर खिशात हात घालून खिडकीबाहेर बघत राहिला. मग ती गेली.

घरी त्याची बायको सुभद्रा हाताला तेल लावायला बसली. रस उडाला, असं त्यानं तिला सांगितलं. ओताऱ्याच्या घरात वितळलेल्या धातूचा शिंतोडा उडणं नवं नव्हतं. सुभद्रानं त्याचा हात उजेडात धरला. तळव्यावर एकात एक अशी तीन लाल कडी उठली होती.

"रस उडाला की गोल कडी उठतात होय?" ती म्हणाली. "त्या बाईचं काम गेलं म्हणतात. खरं आहे का?"

नरहर तिच्यावर खेकसला. तिनं तेलाची वाटी तशीच खाली ठेवली आणि उठून गेली.

पुढचे दोन दिवस नरहरनं भट्टी डोक्यावर घेतली. भात्यावरच्या माणसाला शिव्या घातल्या. श्रीपतरावांना मूर्ख म्हणाला. निकाल त्याच्याच बाजूनं लागला होता, तरी म्हणाला. डाव्या हातानं घण उचलून त्यानं तव्याचा एक साचा फोडून टाकला. बरं काही वाटलं नाही. भाजण्याची त्याला सवय होती. लहानपणापासून तो भाजत आला होता आणि ओताऱ्यांत भाजल्याचे डाग लोक मिरवतात. आजवर एकही डाग त्यानं लपवला नव्हता. मग हाच हात खिशात का गेला? हा प्रश्न काही केल्या त्याला सोडेना. शिंप्याची बायको त्याला आठवली, चहावाला आठवला. आपण त्यांना काय काय बोललो तेही आठवलं, शब्दन् शब्द. इतके दिवस गावावर निघत असलेला राग तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या स्वतःवर उलटला. आणि तो राग बाकी सगळ्या रागांपेक्षा मोठा होता.

तो सरळ श्रीपतरावांकडे गेला. तेच पंच पुन्हा बोलवा आणि अनसाबाईला मानानं बोलावून आणा, असं त्यानं सांगितलं. सगळे जमल्यावर त्यानं हाताची पट्टी सोडली आणि तळवा पुढे केला.

"परवा इथंच भाजलो," तो म्हणाला. "बटन मीच बंद केलं होतं. मी घडवलेला तवा गरम आहे हे मला ओळखता आलं नाही, तर या बाईंना कसं येणार?"

पंच एकमेकांकडे पाहायला लागले. श्रीपतराव गडबडले. त्यांना स्वतःचा निकालही सांभाळायचा होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ते हळूच म्हणाले. दवाखान्याच्या वायरिंगमध्ये दोष होता असं लिहू, अनसाबाईला परत घेऊ, कुणाचंच नाव खराब व्हायला नको.

नरहरचा आवाज चढला, पण या वेळी तो भाजलेल्या माणसावर चढलेला नव्हता. "वायरिंगला दोष द्याल तर उद्या आणखी कुणाचा तरी हात जाईल. दोष तव्यात आहे. तवा मी केला. तसंच लिहा."

मग तो अनसाबाईकडे वळला आणि त्यानं भाजलेला हात दुसऱ्या हाताला जोडला. तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"मी परवाच पाहिलं होतं," ती म्हणाली.

"मग तिथंच बोलला का नाहीत?"

"माझा हात सगळ्यांनी पाहिला होता. तरी मलाच घरी बसवलं. तुमचा हात मी दाखवून काय झालं असतं? तो तुम्ही उघडायला हवा होता, नरहरशेठ. जाताना तुमच्यापाशी थांबले होते मी."

अनसाबाई त्याच दिवशी कामावर आली. पण त्याआधी तिनं शेगडी उचलून बाहेर ठेवायला लावली आणि माळ्यावरचा जुना स्टोव्ह खाली काढायला लावला. नरहरला क्षमा केली असं ती म्हणाली नाही. नरहरनंही विचारलं नाही.

मग नरहर दारोदार फिरून शेगड्या परत मागू लागला. काहींनी मुकाट्यानं दिल्या. चहावाल्यानं मात्र भर चौकात त्याला घेतलं फैलावर. इतके दिवस साठलेलं सगळं बाहेर काढलं. नरहरची कानशिलं तापली, जीभ वळवळली, पण तो ऐकत उभा राहिला. ऐकून झाल्यावर शेगडी काखेत मारून पुढच्या घरी गेला.

महिन्याभरात त्यानं नवी शेगडी केली. तव्याभोवती उंच काठ ठेवला, म्हणजे हात सरकला तरी आधी काठावर अडेल. आणि बाजूला एक लाल दिवा बसवला. तवा गरम आहे तोवर दिवा पेटलेला राहायचा, बटन बंद असलं तरीही. नरहर मोठ्या उमेदीनं ती दवाखान्यात घेऊन गेला. अनसाबाईनं शेगडी सगळीकडून निरखली.

"लाइट गेल्यावर?" तिनं विचारलं.

नरहरच्या कपाळाची शीर उडाली. महिनाभर राबून केलेल्या कामात ही बाई पुन्हा खोट काढते. तोंडाशी आलेलं वाक्य फार जुनं होतं आणि फार ओळखीचं. त्यानं ते गिळलं. धामणखेडला दिवसातून दोनदा वीज जात होती, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वीज गेली की दिवा विझणार, आणि तवा मात्र तसाच तापलेला राहणार. म्हणजे दिवा विझलेला पाहून माणूस निर्धास्तपणे हात लावणार. नरहरनं शेगडी उचलली आणि परत नेली.

पुढचे दीड महिने तो दिव्याच्या नादी लागला नाही. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पातळ पट्ट्या त्यानं एकमेकींना जोडल्या. तापल्यावर एक जास्त वाढते, एक कमी, त्यामुळे जोडपट्टी वाकते. निवली की पुन्हा सरळ होते. ही पट्टी त्यानं तव्याच्या पोटाला टेकवून बसवली आणि तिच्या टोकाला लाल रंगाचा पत्र्याचा तुकडा लावला. तवा तापला की पत्रा शेगडीच्या पुढच्या फटीतून वर उभा राहायचा. तवा हात लावण्याइतका निवला की खाली जायचा. त्याला वीज लागत नव्हती. वीज असो नसो, लाल पत्रा खोटं बोलत नव्हता.

दवाखान्यात पुन्हा सगळे जमले. अनसाबाईनं स्वतः पाणी उकळलं. लाल पत्रा वर आला होता. तिनं पातेलं उतरवलं, शेगडीचं बटन बंद केलं, भिंतीवरचंही बंद केलं. मग ती स्टुलावर बसली आणि पत्र्याकडे पाहत राहिली. श्रीपतराव चुळबुळले. पंचांपैकी एक जण घड्याळ पाहू लागला. अनसाबाई जागची हलली नाही. बऱ्याच वेळानं लाल पत्रा हळूहळू खाली गेला आणि दिसेनासा झाला.

तिनं तव्याला हात लावला नाही. ती नरहरला म्हणाली, "आता तुम्ही ठेवा हात. तोच."

नरहरच्या तळव्यावरची कातडी अजून कोवळी होती. काळा तवा समोर होता, पहिल्यासारखाच मुका. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्यानं सबंध तळवा तव्यावर टेकवला आणि तसाच राहू दिला.

अनसाबाईनं त्याचा चेहरा पाहिला. मग ती उठली, स्टोव्ह उचलला आणि पुन्हा माळ्यावर ठेवायला दिला.

"ही राहू दे इथं," ती म्हणाली, आणि पुढच्या बाळंतिणीसाठी पाणी भरायला गेली.

तात्पर्य: आपल्या हातच्या वस्तूनं कुणाला इजा झाली, तर वापरणाऱ्यावर डोळे वटारण्याआधी घडवणाऱ्यानं स्वतःला जाब विचारावा; आणि चूक कळल्यावर ती चारचौघांत कबूल करून दुरुस्त करावी.