कोऱ्या भिंतींचं थडगं

नाईलच्या पश्चिम काठावरच्या उघड्याबोडक्या डोंगरात खडकात कोरलेलं एक थडगं आहे. आजूबाजूच्या थडग्यांत देव आहेत, बदकं आहेत, मेजवान्या आहेत. इथे मात्र गुळगुळीत भिंतींवर तांबड्या रेघांच्या नुसत्या चौकटी, आत काहीच नाही. पाहुणे डोकावतात आणि तोंड वाकडं करून मागे फिरतात. तेव्हा म्हातारा वाटाड्या हमदानचाचा त्यांना उंबऱ्यावर थांबवून ही गोष्ट सांगतो.

हे थडगं एका चित्रकाराचं, असं सांगतात. थडग्यांच्या भिंतींवर मेलेल्यांची नावं लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. नाव लिहिलेलं असेल तरच माणूस परलोकात टिकतो, अशी त्या काळची पक्की समजूत. म्हणून त्याने नाख्ती नावाच्या पाथरवटाशी बोली केली: नाख्तीने त्याचं थडगं खोदायचं आणि त्याने नाख्तीच्या थडग्यावर नाव लिहायचं. नाख्तीने दर सुट्टीच्या दिवशी घाम गाळून शब्द पाळला. चित्रकार मात्र बड्या लोकांच्या कामांत गुंतला आणि आज-उद्या करत राहिला. दगडाच्या धुळीने नाख्तीची छाती भरली, तो गेला, आणि डोंगराच्या पायथ्याशी एका साध्या खड्ड्यात त्याला ठेवलं.

त्याची बायको हेनुत विचारायला आली, यांचं नाव कुठे लिहिलंत म्हणून. खरं सांगायला चित्रकाराची जीभ रेटेना. नाख्तीच्या खड्ड्याशेजारी कुणा जुन्या कारकुनाच्या नावाचा दगड होता. तिथे नेऊन त्याने त्याच दगडाकडे बोट दाखवलं. हेनुतला अक्षरओळख नव्हती. तिने त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि डोळ्यांना लावला.

आठ वर्षं, दर दहाव्या दिवशी, ती त्या दगडापुढे भाकरी आणि पाणी ठेवत राहिली म्हणे. ती दिसली की चित्रकार वाट बदलायचा.

पुढे स्वतःच्या थडग्यात रेघा आखून तो आपलं नाव लिहायला बसला, तोच हेनुत धापा टाकत चढण चढून आली. हातात अंजिरांची टोपली. म्हणाली, "दादा, यांच्या नावाचा रंग उडालाय. एकदा कुंचला फिरवाल का?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून त्याने सगळं सांगून टाकलं. तिने टोपली खाली ठेवली.

"मग आठ वर्षं मी जेवू कुणाला घातलं?"

आत्ता येतो, आत्ता लिहून देतो, असं तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला.

"नको. तुम्ही काय लिहिलंत ते मला कुठे वाचता येणार? यांचं नाव आता मी तोंडानंच घेईन."

टोपली उचलून ती नाख्ती, नाख्ती म्हणत डोंगर उतरून गेली. चित्रकाराने कुंचला पुन्हा हातात धरला नाही. शरमेपोटी त्याने स्वतःचं नावही कुणाला लिहू दिलं नाही. मेल्यावर त्याला तसंच या कोऱ्या भिंतींत ठेवलं.

आजही आत पाऊल टाकण्याआधी हमदानचाचा प्रत्येकाला नाख्तीचं नाव मोठ्याने घ्यायला लावतो. कुणी चित्रकाराचं नाव विचारलं, तर चूक स्वतःचीच असल्यासारखा जमिनीकडे बघतो आणि म्हणतो, "ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही."