अर्धं चावलेलं फळ

“पण मी कुठं कमी पडतोय, ते तरी सांगा ना, आजी?”

चिमाआजीनं मान वर केली नाही. काट्यांतून हात आत घालून ती करवंदं काढत राहिली.

निशिकांत कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तीन वर्षं दर सुट्टीत तो भीमाशंकरच्या खालच्या या रानात येत होता. रानमेवा ओळखायला शिकत होता तिच्याकडून. उद्या तो शहरातली बारा कुटुंबं इथं आणणार होता, पोराबाळांसकट. आपल्या हातानं तोडायचं आणि तिथंच खायचं, अशी ती सहल होती.

आजीनं सोबत यायला नकार दिला होता. एवढंच म्हणाली होती, “आधी तुझी मान्सं आन.”

म्हणून आज बायको शलाका आणि आठ वर्षांची मुग्धा बरोबर होत्या. शलाका खडकावर बसून तोरणं, ती छोटी पांढरी रानफळं, निवडत होती. मुग्धा या जाळीतून त्या जाळीत हिंडत होती.

“ऐंशी झाडं ओळखतो मी,” निशिकांत म्हणाला. “नुसत्या पानावरून. विचारा कुठलंही.”

“न्हाय इचारत.”

“का?”

“तुला येतंय ना समदं.”

शलाकानं हळूच नवऱ्याकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

“मग उद्या चला सोबत. नाहीतर स्पष्ट म्हणा, तू जाऊ नकोस.”

आजीनं आणखी एक करवंद टोपलीत टाकलं.

“निदान हो की नाही, एवढं तरी…”

“बाबा,” मागून मुग्धा म्हणाली, “हे करवंदासारखं नाही लागत.”

तो वळला.

तिच्या तळहातावर काळपट जांभळं फळ होतं. अर्धं चावलेलं. ओठ जांभळे झाले होते.

“कुठून घेतलंस?”

तिनं बोट दाखवलं. तिथं तीन झुडपं एकमेकांत गुंतून वाढली होती.

“तिन्हीतलं कुठलं?”

“आठवत नाही.”

“किती खाल्लीस?”

“दोन… आणि हे अर्धं.”

निशिकांतनं ते फळ घेतलं. उलटंपालटं केलं. हुंगलं. दाबून पाहिलं, चीक निघतो का ते. झुडपांकडं धावला, पानं मागंपुढं करून पाहिली. परत आला. पुन्हा फळाकडं पाहिलं.

ऐंशी नावांतलं एकही पुढं येईना.

“काय आहे ते?” शलाका उठून उभी राहिली. तोरणं मांडीवरून सांडली. “निशिकांत, काय आहे ते?”

त्यानं आजीकडं पाहिलं.

“आजी… हे…?”

आजी त्याच्याकडंच पाहत होती.

“तू सांग.”

“आजी, मुलगी आहे माझी!”

“म्हणून तर. तू सांग.”

रानात कुठंतरी भारद्वाज घुमत होता. मुग्धानं आईचा हात धरला. तिला रडू यायला लागलं होतं, पण कशाचं, ते तिला कळत नव्हतं.

खायचंच असेल, असं निशिकांतला वाटत होतं. नव्याण्णव टक्के वाटत होतं. वर्गात असता तर बेधडक नाव सांगून मोकळा झाला असता. त्यानं तोंड उघडलं. मुलीच्या जांभळ्या ओठांकडं पाहिलं… आणि मिटलं.

“शलाका,” तो म्हणाला, “मला माहीत नाही.”

आवाज त्याचा त्यालाच ओळखू आला नाही.

“मला खरंच माहीत नाही. गाडीकडं चल. दवाखाना तासाभरावर आहे. त्या तिन्ही झुडपांच्या फांद्या तोडून घे, डॉक्टरांना दाखवायला लागतील.”

शलाका फांद्या तोडायला धावली. काट्यांनी तिचं मनगट फाडलं, तरी तिनं तोडल्या. निशिकांतनं मुग्धाला उचलून घेतलं आणि उताराकडं निघाला.

आजी आडवी आली.

तिनं त्याची मूठ धरली. एकेक बोट उलगडलं. आतलं अर्धं फळ घेतलं… आणि तोंडात टाकलं.

आजीनं सावकाश चावलं. बी थुंकली.

“खायाचंच हाय. आमी लहानपनी लई खाल्लंय. पोर तोडत हुती, तवाच पायलं म्या.”

शलाकानं हातातल्या फांद्या टाकल्या. मुग्धाला तिनं निशिकांतच्या कडेवरून ओढून घेतलं आणि तिचं तोंड पदरानं पुसत राहिली.

निशिकांत आजीकडं वळला.

“तेव्हाच का नाही बोललात? जीव गेला असता आमचा इथं! एक शब्द… एकच शब्द बोलायचा होता!”

“उंद्या म्या नसनार.”

त्यानं मुग्धाकडं पाहिलं. मग खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. टेकाडावर चढून त्यानं फोन उंच धरला.

“कुनाला लावतो?” आजीनं खालून विचारलं.

“सगळ्यांना. येऊ नका म्हणून सांगतो.” त्यानं पहिला नंबर काढला. “उद्याची सहल रद्द. लोकांची पोरं घेऊन यायची माझी लायकी नाही, आजी.”

आजीनं टोपली काखेत घेतली आणि वाटेला लागली.

“रद काल करायाची हुती, तुला समदं येत हुतं तवा,” ती म्हणाली. “आता आन समद्यांना.”