'स्वतंत्र विचार' आणि बंद पाकीट

लाज वाटते, पण सांगून टाकतो. तेव्हा मी प्राचार्य होतो आणि कॉम्प्युटर विभागाच्या गायधनी मॅडम महिनाभर माझ्या मागे लागल्या होत्या. कॉलेजात कुणीही वेबसाइट उघडली की आमचा प्रॉक्सी सर्व्हर तिची प्रत स्वतःकडे ठेवायचा. त्यात म्हणे भोक सापडलं होतं आणि बाहेरचा माणूसही त्या प्रती वाचू शकत होता. सुरक्षेचा अपडेट टाकायला तासभर इंटरनेट बंद ठेवू द्या, एवढंच त्यांचं मागणं.

"चालतंय ना? मग हात लावू नका," हे माझं ठरलेलं उत्तर. शेवटी स्टाफ मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत मी म्हणालो, "एवढं भोक आहे, तर शुक्रवारी समारंभात मी काय बोलणार ते बाहेरून वाचून दाखवा!" सगळे हसले.

"बरं, सर," मॅडम म्हणाल्या.

शुक्रवारी स्टेजवर चढताना त्यांनी मला एक बंद पाकीट दिलं. "भाषण झाल्यावर उघडा."

मी 'स्वतंत्र विचार' या विषयावर जोरदार बोललो. टाळ्या सुरू असतानाच पाकीट फोडलं. आत माझं अख्खं भाषण, शब्दन् शब्द. वर आदल्या दिवशी कॉलेजात बसून मी ते जिथून उतरवलं होतं त्या वेबसाइटचा पत्ता आणि मूळ वक्त्याचं नाव. खाली पेनाने लिहिलेलं: "काल संध्याकाळी, माझ्या घरून वाचलं."

खाली उतरून मी हळूच विचारलं, "मॅडम, आणखी कुणी वाचलंय का हे?"

"ते सांगता येत नाही, सर," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "म्हणून तर अपडेट टाकायचाय."