नऊ मीटरवरचा थांबा

बंदरावर पाणबुडे उतरवणाऱ्या एका कंपनीत नव्या तक्त्याचं अनावरण होतं. हेलियम मिसळलेल्या हवेवर खोल गेलेल्या माणसाने वर येताना कुठे किती वेळ थांबायचं, ते त्यात लिहिलेलं. थांबा कमी पडला तर रक्तात वायूचे बुडबुडे होऊन माणूस लुळा पडतो, नाहीतर मरतो. खाली ठसठशीत एकच नाव होतं, संचालक सबनीस. आणखी नावांना जागा नव्हती म्हणे.

आभाराचे दोन शब्द बोलायला हिराजी तांडेलला उभं केलं. जुन्या तक्त्याप्रमाणे वर येताना त्याचे पाय गेले होते, आणि नथू आणि बाबल हे त्याचे जोडीदार मेले होते. हिराजी कुबड्या सावरत उठला.

“साहेब, नऊ मीटरवर आधी पंधरा मिनिटं होती. ती कोणी ठरवली?”

“अपघाताच्या चौकशीत सांगितलंय मी. तुम्ही पाणबुड्यांनीच. मी फक्त सही केली.”

“आणि आताची चाळीस?”

“ती माझी.”

“बरं. पंधरा आमची, चाळीस तुमची. पण पंधरा कमी पडतात हे तुम्हाला कळलं, ते नथू आणि बाबलची प्रेतं बघून. मधली पंचवीस मिनिटं त्यांची आहेत, साहेब. तिथे त्यांची नावं घाला. नाहीतर ती पंचवीस खोडा, आणि उरलेल्या पंधरात तुम्ही वर येऊन दाखवा.”