आठ भोई आणि मेण्यातला राजा

एक राजा होता आणि त्याला चालता येत नव्हतं. लंगडा नव्हता, बरं का. पाय चांगले धडधाकट होते. पण जन्मल्यापासून त्यानं ते कधी जमिनीला लावलेच नव्हते. अंघोळीला जायचं, मेणा. देवाला जायचं, मेणा. मेणा म्हणजे बंद पालखी. आत गादी, लोड, पडदे, आणि सरबताचा पेला. आणि तो उचलायला आठ भोई. चार पुढं, चार मागं.

आता पुढच्यांना वाट दिसते. मागच्यांना काय दिसणार? त्यांच्या डोळ्यांसमोर नुसती मेण्याची पाठ. म्हणून भोयांची एक रीत होती. सगळ्यात पुढचा असेल त्यानं वाट सांगायची. तो म्हणायचा, 'डावीकडं दगड!' मागचे म्हणायचे, 'कळलं!' 'पुढं पाणी!' 'कळलं!' 'शेण!' 'कळलं!' हसू नकोस गं कुमुद. शेणावरून एकाचा पाय घसरला की आठही जण आडवे. असं बोलत बोलतच त्यांच्या बापजाद्यांनी मेणे वाहिले होते.

एकदा काय झालं, शेजारचा राजा पाहुणा आला. दोघांचे मेणे बरोबरीनं निघाले. पाहुणा म्हणाला, तुमचा मेणा निघाला की बाजार भरल्यासारखं वाटतं हो. आमचे भोई तोंडसुद्धा उघडत नाहीत. खरं होतं की नुसती बढाई, देव जाणे. पण आपल्या राजाला ते फार लागलं. त्यानं हुकूम काढला. मेणा वाहताना कुणी बोलायचं नाही. बोलेल त्याची जीभ छाटू.

प्रधान त्याच्याही वरचढ. त्यानं दवंडी पिटवली की मेणा जाताना रस्त्यावरही कुणी बोलायचं नाही. मग गाडीवानानं बैलाला हाकायचं नाही. कुंभारणीनं 'मडकी घ्या' म्हणायचं नाही. तान्हं पोर रडलं तर आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवायचा. लोकांनी तेही सोसलं. माणूस फार सोसतो, बाळांनो. उगीच वाखाणू नये, पण सोसतो.

मग पहिल्या महिन्यात मागच्या एका भोयाचा अंगठा दगडावर फुटला. त्यानं फडकं बांधलं आणि चालू लागला. दुसऱ्या महिन्यात एकाचा गुडघा गेला. त्याच्या जागी दुसरा आणला. मग तिसऱ्या महिन्यात मेणा घाट चढत होता. सगळ्यात पुढं धाकू होता. सगळ्यात मागं, दरीच्या अंगाला, लखू. धाकूला वाटेवर शेवाळ दिसलं. त्यानं तोंड उघडलं, जीभ आठवली, आणि तोंड मिटलं. लखूचा पाय शेवाळावर पडला. लखू दरीत गेला.

सात जणांनी मेणा कसाबसा सावरला. आतून राजानं विचारलं, 'सरबत कुणी सांडलं?'

लखूची बायको सगुणा. तिनं धाकूला एकच विचारलं. 'भावजी, तुम्हाला दिसलं होतं का?'

धाकू म्हणाला, 'दिसलं होतं.'

खोटं बोलला असता तर कुणाला कळणार होतं? पण नाही बोलला. सगुणानं त्याला शिव्या दिल्या नाहीत, शाप दिला नाही. ती तडक दरबारात गेली. राजा म्हणाला, माग काय हवं ते. तिनं शेत मागितलं नाही, घर मागितलं नाही. म्हणाली, माझा माणूस एका हाकेवाचून मेला. भोयांना बोलू द्या. राजा म्हणाला, तेवढं सोडून माग. आणि तिच्या हातात चांदीचं कडं ठेवलं. तिनं कडं दरबाराच्या पायरीवर ठेवलं आणि घरी आली. ही गोष्ट गावोगाव गेली. मोठ्यानं कुणी काही बोललं नाही, पण चांदी देणाऱ्या राजाला एवढीशी गोष्ट का देववत नाही, हे ज्याच्या त्याच्या मनात आलं.

लखूच्या जागी त्याचा धाकटा भाऊ येसू आला. महिन्याभरानं मेणा पुन्हा त्याच घाटात. पावसानं वाटेची कड आतून ढासळली होती. वर गवत, त्यामुळं पटकन कळायचं नाही. धाकूला कळलं. मागं शेवटाला येसू होता. आता तुम्हीच सांगा, धाकूनं आपली जीभ वाचवावी की येसूला?

धाकू ओरडला, 'कड तुटलीय! थांबा!'

सात जण म्हणाले, 'थांबलो!'

राजानं पडदा सारला आणि मेण्याबरोबर दरीच्या अंगानं चालणाऱ्या शिपायाला म्हणाला, छाट याची जीभ. शिपाई पुढं आला. त्यानं वाकून कडेखाली पाहिलं. पुढचं पाऊल त्याचंच तिथं पडणार होतं. त्यानं तलवार म्यानात घातली आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

मग धाकू म्हणाला, 'गड्यांनो, आता खाली ठेवू. मी तीन म्हटलं की.' त्यानं एक, दोन, तीन म्हटलं आणि आठांनी मेणा खाली ठेवला. आपटला नाही, बरं का. अलगद ठेवला.

राजानं जवळच्या गावातून दुसरे भोई बोलावले. निरोप आला, खांदे दुखतात. दुसऱ्या गावातून बोलावले. आमचेही दुखतात. तिसऱ्या गावातून भोई आलेच नाहीत, अख्खं गावच आलं. गाडीवान आला, कुंभारीण आली, लेकुरवाळ्या बाया आल्या, सगुणा आली. कुणी दगड उचलला नाही. सगळे घाटात बसले आणि आपसात बोलायला लागले. चार महिन्यांचं साठलेलं होतं ना. ऊन चढलं. राजाला तहान लागली.

सगुणा म्हणाली, 'महाराज, पाणी खाली झऱ्यावर आहे. चालत या.'

मग राजा चालला. चार पावलं टाकली की बसायचा. टाचेला फोड आला, धोतर काट्यात अडकलं. लोक बघत होते. अरे, हा तर आपल्यासारखाच कण्हतो. झऱ्याशी पोचेपर्यंत त्याची भीती कुणाला उरली नाही. दुसऱ्या दिवशी दवंडीवाल्यानं ढोल उचलला नाही. झालं, संपलं राज्य. लोकांनी आपल्यातलेच पाच जण कारभाराला निवडले, दर वर्षी नवे, आणि त्यांनी पायी हिंडायचं असं ठरवलं. राजाला एक खोपटं दिलं आणि एक म्हैस दिली. म्हशीमागं चालून चालून त्याचे पाय चांगले तयार झाले.

काय गं कुमुद? मेणा आधीच का नाही ठेवला? अगं, तसं प्रत्येकाला रोज वाटत होतं. पण एकट्यानं खांदा काढला तर बाकीचे सात चिरडतील, या काळजीनं एकेक जण वाहत राहिला. आठांनी मिळून ठेवायचा, तर आधी एकमेकांशी बोलायला नको का?

कळलं ना? मग मिटा डोळे. तिकडं धाकू जेवला, सगुणा जेवली, राजाही म्हशीची धार काढून, दूधभात खाऊन सुखानं झोपला. आता तुमचीच पाळी आहे.