ओलीस राहिलेला अमात्य

पूर्वी कुसुंबपुरावर जयसेन राजाची सत्ता असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्या जन्मी त्यांचे नाव सुजात. ते बोलत थोडे, पण एकदा बोलले की त्यांचा शब्द फिरत नसे, अशी नगरात ख्याती होती.

जयसेनाला राज्य सुखासुखी मिळाले नव्हते. थोरला राजा वारसाचे नाव न घेताच वारला आणि त्याचे दोन मुलगे, जयसेन व भद्रसेन, एकमेकांवर तुटून पडले. अकरा महिने लढाई चालली. नगराच्या वर डोंगरात एक मोठा तलाव होता आणि त्याचा बांध डोंगरी लोक पिढ्यान्‌पिढ्या राखीत आले होते. त्यांचा नायक तिंबरू हा भद्रसेनाच्या बाजूचा. जयसेनाच्या सैन्याने नगराच्या सखल भागात तळ दिला, तेव्हा तिंबरूने बांध फोडला. सैनिक तर मेलेच, पण त्यांच्या दुप्पट माणसे विणकरांच्या वस्तीत बुडून मेली. बोधिसत्त्वांची एकुलती एक मुलगी रोहिणी त्याच वस्तीत एका कापडव्यापाऱ्याच्या घरी दिली होती. तिचे प्रेत तिसऱ्या दिवशी चिंचेच्या झाडाला अडकलेले सापडले.

तरीही लढाई जयसेनाने जिंकली. भद्रसेन रणात पडला. मग जयसेनाच्या सैनिकांनी सूड म्हणून डोंगरातल्या सात वाड्या जाळल्या. त्यात तिंबरूचे दोन धाकटे भाऊ गेले. तिंबरू उरलीसुरली माणसे घेऊन गडावर जाऊन बसला, आणि तो गड काही कोणाला घेता आला नाही.

एक वर्ष गेले. फुटलेल्या तलावात पाणी ठरेना. नगरातल्या विहिरींचा तळ दिसू लागला आणि खालची भातशेती पडीक राहिली. राजाने दोनदा गवंडी लावून बांध बांधवला आणि दोन्ही वेळा तो खचला. डोंगरी लोकांनाच ती माती आणि तो दगड कळत होता. पण राजाने डोंगराची वाट बंद केली होती, त्यामुळे वर ना धान्य पोचत होते, ना मीठ. खाली तहान होती आणि वर भूक.

राजाने सभा बोलावली. दुर्मुख नावाचा सेनापती म्हणाला, "महाराज, तिंबरूला अभय देऊन खाली बोलवा. बांध बांधून होऊ दे. मग त्याचं काय करायचं ते माझ्याकडे सोपवा."

राजाला ही युक्ती पटल्यासारखी दिसली. त्याने अमात्यांकडे पाहिले.

बोधिसत्त्व म्हणाले, "वचन द्यायचं असेल तर पाळायचं म्हणून द्या. तसं दिलंत, तर ते घेऊन मी स्वतः गडावर जातो."

"तुम्ही?" राजा चकित झाला. "अमात्य, तुमची मुलगी त्या पाण्यात गेली."

"होय महाराज. पण बांध बांधता येतो तो तिंबरूला. दुसऱ्या कोणाला येत असता, तर मी त्याच्याकडे गेलो असतो."

राजाने वचन दिले.

घरी बोधिसत्त्वांनी पत्नीला सांगितले. तिचे नाव उत्पला. ती तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही, मानही वर केली नाही.

"तो समोर आला की काय बोलाल?" तिने विचारले.

"बांधाचं बोलेन."

"आणि रोहिणीचं?"

"ते अजून माहीत नाही."

ती बराच वेळ खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "जा. पण मला त्याच्याबद्दल काही चांगलं सांगायला येऊ नका."

"नाही येणार," बोधिसत्त्व म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दोन बैलांवर मीठ लादून, शस्त्र न घेता ते डोंगर चढले. तिंबरू गडाच्या दरवाजात बसला होता. तो थोराड अंगाचा आणि एका पायाने लंगडा होता. मिठाच्या गोणींकडे त्याने पाहिले, पण कोणाला त्या उतरवू दिल्या नाहीत. बोधिसत्त्वांनी राजाचे म्हणणे सांगितले.

तिंबरू म्हणाला, "तुमच्या राजाची वचनं आम्ही ऐकली आहेत. सात वाड्या जळाल्या, त्याआधीही एक वचन आलं होतं."

"म्हणून मी नुसतं वचन आणलेलं नाही. बांध पुरा होईपर्यंत मी तुमच्या तळावर राहतो. दगा झाला तर माझी मान तुमची."

"आणि माझ्याकडून ओलीस कोण?"

"कोणी नको. तुम्ही रोज बांधावर असाल, तेवढं पुरे. डोंगराची वाट आजपासून उघडी."

तिंबरूने थोडा विचार केला. "तुमच्यावर मी विश्वास का ठेवू?"

"ठेवू नका," बोधिसत्त्व म्हणाले. "माझाही तुमच्यावर नाही. विणकरांच्या वस्तीत माझी मुलगी होती."

तिंबरूने मान खाली घातली आणि पुन्हा वर केली. "जांभूळवाडीत माझे दोन भाऊ होते."

"ठाऊक आहे."

 मग तिंबरूने आपल्या माणसांना हाक मारून मीठ उतरवायला सांगितले.

माघात काम सुरू झाले. नगरातून विणकर, कुंभार, सुतार आले. डोंगरातून तिंबरूची माणसे उतरली. बोधिसत्त्वांनी दोघांच्या वेगळ्या टोळ्या होऊ दिल्या नाहीत. एका टोपलीला एक हात नगराचा आणि एक डोंगराचा, असा नियम केला. माणसे कुरकुरली, पण टोपली एकट्याला उचलण्याजोगी नव्हतीच. चिकणमातीत पेंढा कालवून तिचा थर द्यायचा, वर बैल फिरवायचे, मग धुम्मसांनी चोपायचे आणि आतल्या अंगाला दगड बसवायचा, असे तिंबरूने शिकवले. बांध जिथे फुटला होता तिथे उभा राहून तो म्हणाला, "इथे पाया उथळ आहे. माझ्या बापाने इथे आळस केला होता. मला ते माहीत होतं, म्हणून मी इथेच फोडला." त्याने तिथला पाया पुरुषभर खोल खणवला आणि स्वतः आत उतरून दगड बसवला.

पंधरा-वीस दिवस नीट गेले. मग एका दुपारी पोतल नावाच्या विणकराने तिंबरूला दगड मारला. तिंबरूचे कपाळ फुटले. डोंगरी माणसांनी कोयते उपसले, नगरच्या माणसांनी कुदळी उगारल्या. बोधिसत्त्व धावत मध्ये आले. पण त्यांच्या आधी तिंबरूच बोलला. रक्त पुसत त्याने पोतलला विचारले, "कोण होतं तुझं?"

"आई," पोतल म्हणाला. "आणि बायको."

तिंबरू म्हणाला, "मी सैन्यासाठी पाणी सोडलं होतं. वस्तीतही शिरेल हे मला कळत होतं. तरी सोडलं."

पोतल दुसरा दगड शोधू लागला. पण शोधता शोधता तो खालीच बसला. बोधिसत्त्वांनी त्या दिवशी काम थांबवले. पोतलला शिक्षा केली नाही, तिंबरूला क्षमा मागायलाही सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सगळी माणसे कामावर आली. पोतलही आला.

ज्येष्ठ लागला तेव्हा बांध जवळपास पुरा झाला होता. बारमाही ओढ्याचे पाणी साठून तलाव निम्मा भरला होता. पाणी सोडण्याच्या मोरीची फळी तेवढी बसवायची राहिली होती; मोरीचे तोंड तात्पुरते ओल्या मातीने बुजवले होते. त्या सकाळी नगरातून शंभर नवे मजूर आले. त्यांच्याकडे पाहताच बोधिसत्त्व थबकले. प्रत्येकाची टोपली डाव्या खांद्यावर होती आणि उजवा हात मोकळा होता. मजूर असे ओझे नेत नाही. अकरा महिने लढाई पाहिलेल्या माणसाला अधिक सांगावे लागत नव्हते.

बोधिसत्त्व एका दगडावर बसले. बांध झाला होता, पाणी साठले होते. आता त्यांना काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प बसायचे होते. घटकाभरात तिंबरू मरून पडला असता, त्यांचा हातही विटाळला नसता, आणि उत्पलेला जाऊन सांगता आले असते. हे सगळे त्यांना स्पष्ट दिसले. ते हवेसेही वाटले. मग ते उठले आणि तिंबरूकडे गेले.

"दगा झाला आहे," ते म्हणाले. "नवे मजूर दुर्मुखाचे सैनिक आहेत. टोपल्यांत तलवारी असणार. मी ओलीस आहे आणि इथेच आहे."

तिंबरूने त्यांच्याकडे निरखून पाहिले. मग कुदळ उचलली आणि लंगडत मोरीकडे धावला. मोरीच्या तोंडाशी उभा राहून त्याने कुदळ उगारली आणि मोठ्याने ओरडला, "एक जण जरी पुढे आला तरी सोडतो पाणी!"

सैनिक जागीच थांबले. बोधिसत्त्व चालत मोरीपाशी गेले आणि जिथे कुदळ पडणार होती त्या ओल्या मातीवर बसले.

"बाजूला व्हा, अमात्य."

"ठरलं तसं करा. दगा झाला तर माझी मान तुमची, हे ठरलं होतं. वस्तीतल्या माणसांची ठरली नव्हती."

तिंबरूची कुदळ वरच राहिली. "तुम्ही मला का सांगितलंत? गप्प राहिला असतात तर मुलीचा सूड फिटला असता."

"फिटला असता," बोधिसत्त्व म्हणाले. "मघाशी मला ते पटतही होतं. पण शब्द मी तुम्हाला दिला होता."

तोवर मागून कोणी तरी येऊन उभे राहिले. तो पोतल होता. त्याने सैनिकांकडे तोंड केले आणि म्हणाला, "ए, टोपल्या ठेवा खाली! खाली माझं नवं घर आहे. इथे मारामारी करून बांध फुटला, तर तुमचा सेनापती येणार आहे का आम्हाला काढायला?" त्याच्यामागोमाग दुसरे विणकर आले, मग कुंभार आले, आणि डोंगरी माणसांच्या खांद्याला खांदा लावून मोरीभोवती उभे राहिले. त्यांतल्या कोणालाही तिंबरू आवडत नव्हता.

सैनिकांचा नायक गोंधळला. मजुरांना मारण्याची आज्ञा त्याला नव्हती. शेवटी त्याने टोपली खाली ठेवली आणि त्याच्या माणसांनीही ठेवल्या. तिंबरूने कुदळ खाली केली. 

त्याच दिवशी बोधिसत्त्व तिंबरूला बरोबर घेऊन राजसभेत गेले. ते म्हणाले, "महाराज, वचन तुमचं होतं, मान माझी होती. वचन मोडलं तरी यांनी मान घेतली नाही. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा."

 राजा म्हणाला, "दुर्मुखाने मला विचारलं होतं. मी नाही म्हटलं नाही. दोष त्याच्याएवढाच माझा आहे." त्याने दुर्मुखाचे सेनापतिपद काढून घेतले. जळालेल्या सात वाड्या स्वतःच्या भांडारातून बांधून दिल्या, आणि दर फाल्गुनात नगर व डोंगर दोघांनी मिळून बांध दुरुस्त करावा असे ठरवले.

संध्याकाळी बोधिसत्त्व घरी गेले. उत्पलेने सगळी हकीगत लोकांकडून आधीच ऐकली होती. ती म्हणाली, "तुम्ही त्याला वाचवलंत."

"होय."

तिने त्यांना जेवायला वाढले. त्या दिवशी ती त्यांच्याशी बोलली नाही. पण पुढच्या फाल्गुनात बांधावरच्या माणसांसाठी भात शिजवायला ती वस्तीतल्या बायकांबरोबर गेली, आणि वाढताना तिने माणसे निवडली नाहीत.

बोधिसत्त्व आणि तिंबरू यानंतर एकवीस वर्षे दर फाल्गुनात बांधावर भेटत राहिले. ते मित्र झाले असे कोणी म्हटले नाही. ते माती, दगड आणि पाणी यांविषयी बोलत. तिंबरू वारला तेव्हा बोधिसत्त्व गडावर गेले, चितेपाशी उभे राहिले, आणि पुढच्या दुरुस्तीचा दिवस त्याच्या मुलाशी ठरवून परत आले. त्या एकवीस वर्षांत बांध एकदाही फुटला नाही.

ही पूर्वजन्मीची हकीगत शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात दोन भिक्षूंना सांगितली. प्रव्रज्येपूर्वी त्या दोघांची कुळे एकमेकांशी लढली होती, आणि आता एका छपराखाली राहूनही ते एकमेकांना पाणी देत नव्हते. कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा तिंबरू तो हा उत्तिय. दगड मारून पुन्हा कामावर आलेला पोतल तो त्याच्या शेजारी बसलेला वप्पक. राजा जयसेन म्हणजे आज या विहाराला भूमी देणारा श्रेष्ठी, आणि उत्पला म्हणजे त्याची माता. सुजात अमात्य मीच होतो. मनातला राग गेल्यावर वचन पाळणे सोपे असते. तो गेला नसताना जे पाळले जाते, त्यालाच सत्यपारमिता म्हणतात."

 उत्तिय उठला आणि पाण्याचा घडा भरून आणायला गेला.