सात मडक्यांचा सामंजस्य करार

फार जुनी गोष्ट नाही, आणि फार लांबचीही नाही. करवंदखोरं नावाचं एक रान होतं. रान म्हटलं की राजा आलाच. पण इथं लोकशाही होती, म्हणून राजाला दर पाच वर्षांनी निवडून यावं लागे. तिथले राजे अस्वलराव. ते सलग तिसऱ्यांदा निवडून आले होते, कारण दोन पायांवर उभं राहून हात जोडणं त्यांना फार छान जमायचं. माकडांनाही जमायचं, पण माकडांचे अर्ज छाननीत बाद व्हायचे.

रानाचं एकच मोठं कोठार होतं. ओढ्याकाठी, मातीचं. सगळ्यांची वर्षाची बेगमी त्यात असायची: मोहाची फुलं, बिया, कंद. आणि ते कोठार गळायचं. पावसात गळलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. पण ते उन्हाळ्यातही गळायचं, आणि नेमकं रानडुकरांच्या वस्तीच्या बाजूनं.

ओढ्याच्या वरच्या अंगाला, एका कपारीत, मथुरा राहायची. मथुरा म्हणजे कुंभारीण माशी. कंबर दोऱ्याएवढी आणि धंदा बोराएवढा. ओढ्यातून ओली माती आणायची, बोराएवढं मडकं घडवायचं, आत एक अंडं टांगायचं, पिल्लाला पुरतील इतक्या अळ्या भरायच्या आणि तोंड लिंपून टाकायचं. तिची एकूण सात मडकी होती. सहा लिंपून झाली होती. सातव्यात अळ्या भरायच्या राहिल्या होत्या, म्हणून त्याचं तोंड उघडं होतं, आणि मथुराचा जीव त्या उघड्या तोंडात अडकला होता. खालून लाल मुंग्यांची रांग जायची. लाल मुंग्यांना उघडं दार दिसलं की ते आमंत्रणच वाटतं.

कुंभारणींच्या कुळात आईची आणि लेकराची भेट होत नाही. लेकरू बाहेर येईतो आई गेलेली असते. जे काही द्यायचं, सांगायचं, ते मडक्यातच घालून ठेवायचं. म्हणून मथुरा लिंपलेली मडकीसुद्धा दिवसातून दहादा तपासायची. भेग नाही ना? ओल नाही ना? मघाशी बघितलं तेव्हापासून काही झालं नाही ना?

"अगं पोरी, किती वेळा बघशील?" शेजारचा धोंडीकाका शेणकिडा म्हणायचा. "मडकंच ते. पळून जाणार आहे का?"

"पळून नाही जाणार, काका. पण कुणी उचलून नेलं तर?"

यावर मात्र काका मान डोलवायचा. मागच्या वर्षी त्याचा शेणाचा गोळा विद्यापीठानं भागीदारीत संशोधनासाठी नेला होता. त्यानं दुसरा केला. तोही नेला, पहिल्याशी ताडून बघायला.

एका सकाळी कपारीत सरडा आला. सरडा राज्याचा सचिव. हातातला कागद ज्या रंगाचा, त्या रंगाचा तो होत असे. त्या दिवशी तो पोपटी होता. म्हणजे योजना नवी होती.

"मथुराबाई, अभिनंदन! तुमची निवड झाली."

"कशात? मी तर उभीच नव्हते."

"लघुउद्योग प्रतिनिधी म्हणून. त्याचं काय झालं, राजेसाहेबांनी तुमच्या कुळातलं मागच्या वर्षीचं एक मडकं मधाचं समजून चाटलं. तासभर चाटलं. विरघळलं नाही! साहेब म्हणाले, कोठाराला हीच माती हवी. म्हणून आता त्रिवेणी भागीदारी. विद्यापीठ डोकं देणार, वराह उद्योगसमूह अंग देणार, आणि तुम्ही..."

"मी काय देणार?"

सरड्यानं कागद वरखाली चाळला. "तेवढी जागा कोरी आहे. लागेल तसं भरू."

मथुराला नाही म्हणायचं होतं. पण तिनं मनाशी विचार केला, कोठार धड राहिलं तर रानाचं भलं, आणि सरकारदरबारी ओळख असली तर उद्या मुंग्यांच्या बाबतीत कुणाला तरी सांगता येईल. शिकलेल्या बाईचा हिशेब असाच असतो. ती हो म्हणाली.

करार वडाखाली झाला. अस्वलराव दोन पायांवर उभे राहिले.

"माझ्या प्रिय वनबांधवांनो! आजवर ज्ञान झाडावर बसलं, उद्योग चिखलात लोळला आणि लहान जीव मधल्यामध्ये चिरडला. आजपासून तिघं एका पंगतीला! ढोली तिथे ज्ञान..."

"बीळ तिथे दुकान!" खालून गजर झाला.

मग ठसे उमटवायचे होते. विद्यापीठातर्फे कुलगुरू डॉ. बगळे यांनी एका पायाचा ठसा दिला. त्यांचा दुसरा पाय चिंतनात होता. वराहशेठनी चारही पायांचे दिले. मथुरानं सहाही पाय कागदावर दाबले, पण काही उमटेना.

"बाई, मनाला लावून घेऊ नका," वराहशेठ मायेनं म्हणाले, "आपण आता एकच कुटुंब." आणि त्यांनी तिच्या नावापुढं स्वतःचा पाचवा ठसा उमटवला.

संशोधन सुरू झालं. बगळ्यांनी कपारीतलं एक जुनं, रिकामं मडकं नेलं. त्यात पाणी भरून पंधरा दिवस त्याच्याकडे बघत उभे राहिले. बघत उभं राहण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. पाणी काही गळलं नाही. तेव्हा ते का गळत नाही, हे बघायला त्यांनी मडकं फोडलं, आणि अहवालात लिहिलं: नमुना फुटका आढळला.

"अहो, घरी होतं तेव्हा चांगलं होतं!" मथुरा म्हणाली.

"घरगुती निरीक्षण ग्राह्य धरत नाहीत," डॉ. बगळे डोळे मिटूनच म्हणाले. "त्या सातांतलं एक द्या."

मथुरा सातही मडक्यांच्या आडवी झाली. नांगी आपोआप बाहेर आली होती. "साहेब, ती भरलेली आहेत."

"कशानं?"

"लेकरांनी."

डॉ. बगळ्यांनी 'इतर साहित्य' असं टिपून घेतलं. "बरं, मग कृती सांगा."

"माती तोंडात घोळवायची. थुंकी मिसळायची. मग थापायची, आणि थापताना गुणगुणायचं. गुणगुणल्याशिवाय माती बसत नाही, साहेब. तिला कंप लागतो. तो लागला की कणाला कण चिकटून बसतो."

डॉ. बगळ्यांनी एक डोळा उघडला. "गुणगुणणं? ते आमच्याकडे येत नाही. ते सांस्कृतिक कार्य विभागाकडे जातं."

अशी कृतीची दोन टोकं झाली. माती आणि थुंकी विज्ञानात गेली. गुणगुणणं वेगळ्या फायलीत घालून सांस्कृतिक विभागात पाठवलं. तिथल्या प्रमुख रातकिड्यानं त्यावर शेरा मारला, 'सूर बरा आहे, रियाज हवा,' आणि फाईल बंद केली.

विद्यापीठाचा प्रबंध थाटात निघाला: 'थुंकीचं स्थापत्य'. लेखक अकरा बगळे. मथुराचा उल्लेख तळटीपेत होता, 'एक स्थानिक कीटक'. तिनं ते शब्द चार वेळा वाचले. त्यातलं 'एक' तरी खरं होतं.

प्रबंध वाचून वराहशेठनी दोनशे डुकरं थुंकायला बसवली. पाठोपाठ फर्मान निघालं की थुंकी ही राष्ट्रीय संपत्ती आहे, आणि यापुढं परवान्याशिवाय मातीत थुंकण्यास मनाई आहे. परवान्यासाठी एकच साधी अट होती. अर्जदाराला किमान चाळीस दात असावेत. रानडुकराला चव्वेचाळीस असतात. मथुराला एकही नव्हता.

ती धावत सरड्याकडे गेली. "अहो, कृती माझी आणि मनाई मलाच?"

"बाई, गल्लत करू नका. परवानाधारक वेगळा, भागीदार वेगळा. भागीदाराचा मान मोठा असतो."

"मान राहू दे. माझ्या सातव्या मडक्यात अळ्या भरून झाल्या, पण तोंड उघडंच आहे. मुंग्या एक हात वर आल्यात!"

"मग करारानुसार समूहाकडून लिंपून घ्या. अर्ज करा."

तिनं अर्ज केला. चौथ्या दिवशी समूहाचा कारागीर आला. त्याचं मुस्कट कपारीत शिरेना. त्यानं बाहेरूनच हुंगलं आणि शेरा लिहून ठेवला: 'जागा अरुंद. ग्राहकाचं सहकार्य नाही.' तोवर मथुरा मडक्याच्या तोंडावर स्वतः बसून होती. चार दिवसांत तिनं मधाचा थेंब चाखला नव्हता. एखादी टेहळणी करणारी मुंगी वर आली की तिला पायानं ढकलायची आणि पुन्हा जागेवर. पण ढकललेली मुंगी जाऊन चार जणींना सांगणार, हे तिला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी कोठाराच्या नव्या भिंतीचं लोकार्पण होतं. सरडा पहाटेच निरोप घेऊन आला.

"व्यासपीठावर तीन खुर्च्या आहेत. तिसरी तुमची. वेळेवर या. खुर्ची रिकामी दिसली तर भागीदारानं करार मोडला असं धरलं जाईल. मग करारातलं सगळं साहित्य समूहाच्या ताब्यात जाईल."

"साहित्य म्हणजे?"

"सात मडकी."

मथुरानं खाली बघितलं. रांग आता रांग राहिली नव्हती. लाल पट्टा झाला होता आणि तो कपारीकडे वळला होता. धोंडीकाकाला हाक मारावी, तर काकाही घरी नव्हता. समारंभाला हत्ती येणार म्हणून तो सकाळीच पुढं जाऊन बसला होता.

समारंभाला गेली तर एक मडकं जाणार. नाही गेली तर सातही जाणार. शहाण्यासारखा हिशेब केला तर एकावर पाणी सोडायला हवं होतं. तिनं हिशेब केला, आणि उडून थेट ओढ्यावर गेली. तोंडभर माती घेतली, परत आली, आणि परवाना नसताना, भर दिवसा, राष्ट्रीय संपत्ती मातीत कालवून गुणगुणायला लागली.

तीन खेपा लागल्या. तिसऱ्या खेपेला पहिली मुंगी मडक्यावर चढली होती. मथुरानं तिच्या पायाखालीच माती थापली आणि जीव तोडून गुणगुणली. माती बसली. मुंगी तिच्यावरून फिरली, हुंगली, दार शोधत राहिली. दार नव्हतं.

तेवढ्यात खालून मोठा धडाका ऐकू आला. धूळ वर आली. थोड्या वेळानं धुळीतून धोंडीकाका आला, शेणानं माखलेला, तोंडावर मात्र समाधान.

"पोरी, अगं तू इथं कशी? मी तुला आत्ता खुर्चीवर बघितलं!"

"मला?"

"पिवळा अंगरखा, काळे पट्टे, गळ्यात शाल. राजेसाहेब म्हणाले, आमच्या मथुराबाई! तू उठून नमस्कारही केलास." काका थबकला. "जरा शेपटी लांब वाटली खरी."

खुर्ची रिकामी राहिली असती तर ती सचिवाची चूक ठरली असती. सचिव चूक करत नाहीत.

"आणि धडाका कसला?"

"भिंत. राजेसाहेब फोटोसाठी हात जोडून उभे राहिले आणि पाठ टेकली. टाळ्या पडल्या, मागोमाग भिंत पडली. दोनशे डुकरांची थुंकी, वाळून भुसभुशीत. सगळं धान्य डुकरांच्या वस्तीत वाहून गेलं. वराहशेठनी लगेच मदतकार्य हाती घेतलं. संध्याकाळपर्यंत सगळं साफ करतो म्हणाले."

मथुरा कपारीतच बसून राहिली. आता सरडा येईल, सात मडकी नेईल, म्हणून तिनं नांगी तयार ठेवली होती. पण कुणी आलं नाही. कागदोपत्री ती व्यासपीठावर हजर होती, शालीची पोचही होती. त्यामुळे करार मोडला असं म्हणता येईना, आणि त्याच वेळी कपारीत परवान्याशिवाय कोण थुंकलं, याचीही नोंद करता येईना. महिन्याभरानं सातव्या मडक्याला आतून एक बारीकसं भोक पडलं, तेव्हा ते बघायला मथुरा नव्हती. धोंडीकाका होता. बाहेर आलेल्या पोरीनं पंख वाळवले, आणि कुणी शिकवलं नसताना गुणगुणत ओढ्याकडे मातीला गेली.

चौकशी समितीनं भागीदारी शंभर टक्के यशस्वी ठरवली. तिन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. पुढच्या निवडणुकीत अस्वलराव दोन पायांवर उभे राहिले, हात जोडले आणि म्हणाले, "वनबांधवांनो, कोठाराची गळती आम्ही शून्यावर आणली!" विरोधकांनी हा आकडा खोटा पाडायची पुष्कळ खटपट केली, पण कोठारात जाऊन बघितलं तर खरंच, एक दाणासुद्धा गळत नव्हता.